मॉरिशसचा भूगोल, बिदरच्या वर्गात

(सीमाभागातील शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला दिलेला विषय ‘सीमाभागातील मराठी’ असा आहे. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. भाषेचा अभ्यासक म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखे फार नाही. तेव्हा मी माझ्या वाटेने येतो, आणि तीही जरा लांबच्या वाटेने. हिंदी महासागरातल्या एका द्वीपराष्ट्रावरून मी पुन्हा बिदरला येणार आहे. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

भालकी तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला द्वीपराष्ट्रांचा धडा घेत होतो. फळ्यावर बेट काढले, भोवती निळ्या खडूने पाणी काढले. एका मुलाने हात वर केला. “सर, बेट पाण्यावर तरंगतंय का खाली टेकलंय?” वर्ग हसला. मीही हसलो. “टेकलंय,” म्हणालो आणि पुढे गेलो, कारण पोर्शन संपवायचा होता.

त्या प्रश्नात हसण्यासारखे काही नव्हते. भालकीपासून अरबी समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटर आणि बंगालचा उपसागरही जवळजवळ तेवढाच. दोन्ही समुद्रांपासून सारखेच लांब असलेल्या गावातल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेले असते कारंजा धरणाचे पाणी, आणि त्या पाण्यावर जे दिसते ते एकतर तरंगते किंवा बुडते. त्याचा प्रश्न पूर्ण शास्त्रीय होता. त्याचे खरे उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी सापडले. आज ते त्याच्या वतीने तुम्हाला देतो.

उदाहरण म्हणून मॉरिशस घेऊ. मराठी माणसाला हे नाव परके नाही. तिथे मराठी माणसे आहेत आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, एवढे आपण ऐकलेले असते. पण तो देश आहे कसा, हे फारसे कुणी सांगत नाही.

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, २० अंश दक्षिण अक्षांशाजवळ हे बेट आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. बाहेरची बेटे धरून देशाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपला बिदर जिल्हा ५,४४८ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे एका बिदरमध्ये अडीच मॉरिशस सहज बसतील. कलबुर्गी जिल्ह्यात पाच. पण त्या देशाच्या हक्काचा समुद्र मोजला तर तो सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरतो. अंगण केवढे आणि घर केवढे, हे विद्यार्थ्यांना नकाशावर दाखवावे. मुख्य बेटाच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज आहे, उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरवर अगालेगा. एका देशाच्या दोन गावांमध्ये आपल्याकडे इतके अंतर असले, तर मधे दोन राज्ये लागतात. तिथे फक्त पाणी आहे.

मुख्य बेटाचे तीन भाग पाडता येतात. काठाला सखल किनारपट्टी. तिच्या आत तुटक डोंगरांचे कडे. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडाचे ते झिजून उरलेले अवशेष. आणि मधे ३०० ते ६०० मीटर उंचीचे पठार. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. बिदर शहर साडेसहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, तेव्हा त्या शिखराचे आपल्याला फार अप्रूप वाटायला नको. बेटाभोवती प्रवाळांचे कडे आहे आणि त्या कड्याच्या आत उथळ, शांत खाजण. दक्षिणेला हे कडे तुटलेले आहे. तिथे महासागर थेट काळ्या खडकावर आदळतो.

हवामानाचे गणित वाऱ्यावर चालते. वर्षातला बराच काळ तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. ते पूर्वेच्या उताराला आणि मधल्या पठाराला भिजवतात. पठारावर काही ठिकाणी वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. डोंगर ओलांडून वारे पश्चिमेला उतरतात तेव्हा कोरडे झालेले असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर नऊशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. सगळा खेळ ४५ किलोमीटरच्या रुंदीत. आपल्याकडे सह्याद्री हेच करतो, फक्त उलट्या बाजूने. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि खाली वाईला त्याचा छोटासा हिस्सा. पर्जन्यछाया हा शब्द मुलांना पाठ असतो. बिदरला सुमारे साडेआठशे आणि कलबुर्गीला त्याहूनही कमी पाऊस का, याचे उत्तर त्या शब्दात आहे, हे मात्र आपण सांगायचे विसरतो.

ऋतू तिथे उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, उष्ण आणि पावसाचा. त्याच काळात चक्रीवादळे येतात. १९६० च्या फेब्रुवारीतल्या ‘कॅरोल’ वादळाने घरे आणि उसाचे मळे आडवे केले, त्याची आठवण त्या देशात अजून काढतात. आपल्या उपसागरातली वादळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, तिथली घड्याळाच्या दिशेने. मे-जूनपासून पुढे हिवाळा, थंड आणि तुलनेने कोरडा.

आता या उलट्या ऋतूंत मराठी पंचांग ठेवून पाहा. १८३४ पासून कंत्राटी मजूर म्हणून साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहारकडची, बरीचशी मद्रासकडची, आणि काही मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसे; त्यांत कोकणातली फार. तीन हजार मिलिमीटरच्या पावसातून आलेल्या या माणसांपैकी कित्येक जण बेटाच्या पश्चिमेला, रिव्हिएर न्वार म्हणजे ‘काळी नदी’ नावाच्या जिल्ह्यात उसाच्या मळ्यांवर राहिले. बेटाचा हाच भाग सर्वांत कोरडा. त्यांचा श्रावण तिथे हिवाळ्यात आला. भाद्रपदात गणपती येतो तेव्हा थंडीचे दिवस सरत असतात. श्रावण हा शब्द त्यांनी जपला, व्रते जपली, पण त्या शब्दाच्या पोटातला पाऊस मागे राहिला.

हे मी उणे दाखवण्यासाठी सांगत नाही. त्यांनी जे जपले ते अपार कष्टाने जपले. देवळे बांधली, कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत ठेवली. मराठी तिथल्या शाळांत शिकवली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. पण घरात आता बहुतेकांची बोली क्रिओल आहे. आणि जमिनीची नावे? ती आधीच ठेवून झाली होती. डोंगर, नद्या, गावे यांना फ्रेंच नावे पडून गेल्यावर आपली माणसे तिथे पोचली. मराठी वस्तीशी ज्याचे नाव जोडले जाते ते वाकोआ हे गाव घ्या. वाकोआ म्हणजे तिथले एक झाड, आपल्या केवड्याच्या जवळच्या कुळातले. गणपतीला केवडा वाहणाऱ्या माणसांच्या भोवती केवड्याच्या भावंडाचे नाव घेतलेले गाव होते. तरी ते ‘केवड्याचे गाव’ झाले नाही. मजुराला नाव ठेवण्याचा अधिकार नव्हता. मराठी देवघरात राहिली, शाळेत राहिली. माती, वारा, उतार यांच्याशी बोलायचे काम तिच्याकडे आले नाही.

हा मुद्दा इथेच ठेवतो आणि त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. बेट टेकलंय, पण कशावर?

मॉरिशसचे बेट म्हणजे हजारो मीटर खोल समुद्रतळावरून उभ्या राहिलेल्या ज्वालामुखी पर्वताचा माथा. पाण्यावर दिसतो तो थोडा, बुडालेला फार मोठा. दिसणारे जुन्यात जुने खडक सुमारे ८० ते ९० लाख वर्षांचे. हा लाव्हा आला कुठून? पृथ्वीच्या पोटात काही जागी तापलेले द्रव्य खोलवरून सतत वर येत राहते. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. तप्तबिंदू साधारण जागच्या जागी असतो आणि वरचे भूपट्ट सरकत जातात. स्थिर दिव्यावरून कागद हळूहळू ओढत न्यावा आणि त्यावर डागांची रांग उमटावी, तसे होते. मॉरिशस घडवणारा तप्तबिंदू आज शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

ही डागांची रांग उलट दिशेने, उत्तरेकडे मागे मागे न्या. मॉरिशस, मग छागोस, मग मालदीव, मग आपले लक्षद्वीप. आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खनचे पठार. त्या वेळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि त्या दिव्यावरून सरकत होती. लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीचे कडे त्याचे, अजिंठा-वेरूळ त्यात कोरलेले. भालकी, औराद, बसवकल्याणची काळी माती त्याच दगडाचा भुगा आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांचे आज हेच मत आहे.

म्हणजे पाहा, कोकणातला मजूर गलबत-आगबोटीने आठवडे प्रवास करून परक्या देशात उतरला आणि ज्या काळ्या दगडावर त्याने पाय ठेवला, तो त्याच्या गावच्या दगडाचाच धाकटा भाऊ होता. उसाच्या मळ्यातून त्याने वेचून बाजूला रचलेले काळे धोंडे कुणी भालकीच्या बांधावर आणून टाकले, तर आपला शेतकरी त्यांना ओळखेल.

आणखी एक. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या खडकात झिर्कॉन खनिजाचे कण सापडल्याचे जाहीर केले. त्यांचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे. नव्वद लाख वर्षांच्या बेटात तीनशे कोटी वर्षांचे कण, म्हणजे बेटाखाली फार जुन्या भूखंडाचा एक तुकडा दडलेला आहे. भारत आणि मादागास्कर एकत्र होते त्या काळचा. लाव्हा वर येताना ते कण सोबत घेऊन आला. त्या मुलाला आता सांगता येईल: बेट तरंगत नाही, नुसते टेकलेलेही नाही. ते खालून जोडलेले आहे, आणि ज्याला जोडलेले आहे त्याचे कण त्याच्या अंगात आहेत.

आता घरी येऊ. आपला प्रदेश हा त्या लाव्ह्याच्या चादरीचा आग्नेय काठ आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल भोक घेतले, तेव्हा काळ्या दगडाची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. सह्याद्रीकडे हीच जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. काठाकडे यावे तशी चादर पातळ होते. कलबुर्गी जिल्ह्यात आळंद, अफजलपूरकडे ती आहे. शहाबाद, चितापूर, सेडमकडे ती संपते आणि तिच्याखालचा चुनखडक उघडा पडतो. हा चुनखडक म्हणजे आपली शहाबादी फरशी. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांपासून लातूरच्या वाड्यांपर्यंत ज्या फरशीवर मराठी माणूस जेवला, ती एका प्राचीन समुद्राच्या तळचा गाळ आहे. पृथ्वीवर शिंपलेवाला प्राणीही जन्मला नव्हता, तेव्हाचा. लिंबू सांडले की या फरशीवर पांढरट डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तो डाग म्हणजे चुनखडकाची ओळख. समुद्र न पाहिलेली आपली मुले समुद्राच्या तळावर बसून जेवतात.

बिदरला तिसरीच गंमत. तिथे काळ्या दगडाच्या माथ्यावर तांबड्या जांभ्याचे टोपण आहे. उष्ण हवा आणि पाऊस यांनी काळा दगड लाखो वर्षे कुजवला, विरघळणारे निघून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम उरले. मॉरिशसमधली शामारेलची रंगीत माती पाहायला जगभरचे प्रवासी जातात. तीही अशीच कुजलेल्या काळ्या दगडाची आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि खालच्या घट्ट थरावर ते साठवतो. पंधराव्या शतकात बहामनी राजधानी कलबुर्गीहून बिदरला आली, तेव्हा जाणकारांनी हे ओळखून नौबादजवळ जमिनीखालून लांब बोगदा खणला आणि पाणी उताराने आणले. फारसीत त्याला कारेझ म्हणतात. आपल्याकडे त्याला सुरंगबावी असेही म्हणतात. सुरंग आपल्या ओळखीचा, बावी कन्नड. कन्नडमध्ये जांभ्याला जंबिट्टिगे म्हणतात. त्यातला ‘इट्टिगे’ म्हणजे वीट, आणि आपली वीट व त्यांची इट्टिगे दोन्ही एकाच ‘इष्टका’च्या लेकी.

दख्खनच्या मध्यावर उभे राहिले तर पायाखाली एकच दगड दिसतो. थर पाहायचे तर काठावर यावे लागते. भाषेचेही तसेच आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका बाजूला. जहिराबाद, नारायणखेड दुसऱ्या बाजूला. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे. रेषा कागदावर पडली. मांजरा नदी मात्र त्या रेषेला न जुमानता आजही तिन्ही राज्यांतून वाहते. आणि तेव्हापासून व्यासपीठांवरून आपल्याला ‘मराठीचे बेट’ म्हणण्याची पद्धत पडली. कुणी कौतुकाने म्हणते, कुणी कळवळ्याने. ऐकताना डोळ्यांसमोर येते ते फळ्यावरचे बेट, भोवती निळा खडू.

आता माझीच एक चूक सांगतो. सहामाही परीक्षेत प्रश्न होता, ‘तुमच्या परिसराच्या भूरचनेचे वर्णन करा.’ एका मुलीने लिहिले होते, “आमच्या गावच्या वरच्या अंगाला मड्डी आहे. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून तिथं तूर पेरत नाहीत, गुरं चारतात.” मी ‘मड्डी’ला लाल गोल केला, वर ‘पठार’ लिहिले आणि अर्धा गुण कापला.

मड्डी हा शब्द कन्नडमधून आपल्या मराठीत आलेला. सोलापुरात त्या नावाची वस्तीच आहे. मड्डी म्हणजे पठार नव्हे. पठार सपाट असते, सुपीकही असू शकते. मड्डी म्हणजे उंचवट्याची, कठीण, पातळ मातीची, पाणी न धरणारी जागा. त्या मुलीने एका शब्दात उंची, उतार, मातीची जाडी आणि पाण्याची वाट सांगितली होती, आणि पुढे कारणासकट जमिनीचा उपयोगही लिहिला होता. भूगोलाचे याहून चांगले उत्तर मी क्वचितच तपासले असेल. मी ते चुकीचे ठरवले, कारण तो शब्द पुस्तकात नव्हता. पुढच्या परीक्षेत तिने ‘पठार’ असे लिहिले आणि कारण लिहिले नाही. शब्द गेला तसे निरीक्षणही गेले.

मॉरिशसचा जो मुद्दा मघाशी ठेवला होता तो इथे उचलतो. तिथल्या मराठीला जमिनीची नावे ठेवायला मिळाली नाहीत. तो इतिहासाचा अन्याय होता. आपल्याकडे ती नावे आहेत. मुरमाड, बरड, चोपण आहे. मड्डी आहे. कन्नड शेजारी काळ्या रानाला एरी म्हणतो, तेही आपल्या कानाला सवयीचे आहे. ओढ्याला कुणी नाला म्हणतो, कुणी हळ्ळ. ही नावे कुणी आपल्याकडून हिसकावून घेत नाही. आपणच, लाल शाईने, प्रमाण भाषेच्या काळजीपोटी, ती एकेक करून काढून टाकतो आहोत. मग मराठीकडे उरेल सण, प्रार्थना आणि परीक्षेचा पेपर. शेतात, बाजारात, पाण्यावर दुसरी भाषा असेल. परकी भाषा येऊन आपल्या भाषेला बुडवते, असे आपण समजतो. बऱ्याचदा आपणच तिला कामावरून काढून घरी बसवलेले असते.

प्रमाण शब्द शिकवू नका, असे मी म्हणत नाही. मुलांना पुढे लातूरला, पुण्याला, बेंगळुरूला जायचे आहे. पठार त्यांना आलेच पाहिजे, आणि कन्नडही उत्तम आले पाहिजे. माझे मागणे लहान आहे. पेपर तपासताना मुलाचा गावचा शब्द खोडू नका. त्याच्या शेजारी प्रमाण शब्द लिहा आणि गुण द्या. दुसरे, प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा एक नकाशा करावा. शेतांची, ओढ्यांची, टेकाडांची, विहिरींची नावे मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून त्यावर लिहावीत. मराठी घरातून येणारी, कन्नड घरातून येणारी, दखनी बोलणाऱ्या घरातून आणि तांड्यावरून येणारी, सगळी. एका जागेला तीन नावे निघाली तर तिन्ही लिहावीत. खर्च एका पुठ्ठ्याचा आणि चार खडूंचा. असे नकाशे जमले तर ते या वार्षिकात छापावेत, अशी संपादकांना विनंती करून ठेवतो.

ती मुलगी आता संसाराला लागली असेल. तिचा अर्धा गुण मला परत देता येणार नाही. त्या मुलालाही मी एका शब्दात वाटेला लावले. आज तो वर्ग पुन्हा मिळाला, तर पोर्शन बाजूला ठेवून मी त्याला बाहेर नेईन, शाळेच्या पायरीची शहाबादी फरशी दाखवीन, बांधावरचा काळा धोंडा दाखवीन, आणि मग विचारीन, “आता तूच सांग, बेट कशावर टेकलंय?” तुमच्यापैकी बरेच जण उद्या वर्गावर जाणार आहेत. तुम्हाला ते जमेल.